वेशीवर भरलेली ओटी

ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. ही घडलेली गोष्ट आहे, आणि जिच्या बाबतीत घडली ती बयाबाई माझी सख्खी आजी. वेल्ह्याकडं, पासलीच्या वर डोंगरात तिची वाडी. वाडीचं नाव सांगत नाही, माणसं अजून नांदतात तिथं.

एकोणीसशे अडतीसच्या आगेमागे, आषाढात साऱ्या मुलखात पटकीची साथ पसरली. हगवण आणि उलट्या. सकाळी नांगर धरलेला गडी संध्याकाळी तिरडीवर.

तेव्हा पुण्याहून तीन माणसं आपण होऊन सेवेला आली. दोन शिकाऊ डॉक्टर आणि एक नर्स, द्वारकाबाई. देवळाच्या धर्मशाळेत त्यांनी दवाखाना मांडला. घरचे लोक ज्यांना शिवायला तयार नव्हते, त्यांची घाण या बाईनं काढली. बयाबाईची सहा वर्षांची साळू तर गेल्यातच जमा होती. द्वारकाबाईनं तिला मांडीवर घेऊन रात्रंदिवस उकळलेलं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं.

साळू जगली.

साथ ओसरायला लागली तसा वाडीनं मरीआईचा गाडा काढला. हा जुना रिवाज. लाकडी गाड्यात देवी बसवायची, तिला हिरवी साडी-चोळी नेसवायची, आणि गाडा ओढत शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचं. रोगराई गाड्याबरोबर गेली म्हणायचं. शेजारच्यांनी तो पुढच्यांच्या हद्दीत ढकलायचा.

पण त्या वर्षी शेजारचे काठ्या घेऊन हद्दीवर उभे होते.

गाडा माघारी आला. वाडीच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा चिमाजी कारभाऱ्याच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. त्याचं डोकं भलत्याच वेळी चालायचं.

"गाडा न्हाई तर पाव्हनी नेल रोग," तो म्हणाला. "उद्या ती मान्सं किकवीच्या साथीला निगाल्यात. बाईचा मानपान करू. देवीच्या अंगावरची साडी तिच्या वटीत घालू. जिच्या घरातून रोग उठला तिनंच घालायची. बया, तू."



"कारभारी, तिनं माजी पोर वाचवली."

"म्हून तर. साडी हितं ऱ्हायली तर पटकी माघारी येनार. पयल्यांदा कुनाच्या दारात? बग बाई तुजं तू."

बयाबाईनं घरात झोपलेल्या साळूकडं पाहिलं. मग साडी घ्यायला ती गाड्याकडं गेली.

दुसऱ्या दिवशी वेशीवर समारंभ झाला. हलगी वाजली. डॉक्टरांना फेटे बांधले. चिमाजीनं "तुमी देवमान्सं" म्हणून डोळे पुसले. त्याचं रडणं खरं होतं, हेच जास्त वाईट.

बयाबाई ओटी घेऊन पुढं झाली. द्वारकाबाई दचकून मागं सरकली.

"अहो, माझी ओटी नाही भरत. मी विधवा आहे. पंधराव्या वर्षापासून."

एरवी विधवेचं तोंड दिसलं तर वाटेतून माघारी फिरणारी ही माणसं. त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात सुधारणा संचारली होती.

"आमी तसलं काय मानत न्हाई!" चिमाजी ओरडला.

द्वारकाबाईनं पदर पसरला. ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हिरवी साडी तिनं तिथंच खांद्यावर घेतली. बयाबाईला पोटाशी धरलं.

बैलगाडी वेशीबाहेर गेली. गाडा सोडून परतताना मागं बघायचं नसतं, त्याच रिवाजाप्रमाणं वाडीतल्या कुणी मागं वळून पाहिलं नाही.

द्वारकाबाई किकवीला पोचलीच नाही. वाटेत पटकी लागली. तिला साडीनं मारलं, थकव्यानं मारलं, की नुसत्या पाण्यानं, कोण सांगणार? वाडीत मात्र त्या साली पुन्हा एकही माणूस आजारी पडला नाही. चिमाजीनं देवीला बोकड दिला.

पुढचा आषाढ आला.

साळूला दुपारी पहिली उलटी झाली. दिवेलागणीपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. वाडीत ना डॉक्टर, ना नर्स. आजोबा डॉक्टर आणायला वेल्ह्याला धावले होते. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. पोरीला कुशीत घेऊन बयाबाई एकटी बसली होती.

बाहेर बेडकं ओरडत होती. पाऊस पत्र्यावर... नाही, पत्रा कुठला, गवती छप्पर. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या.

आणि मग...

बेडकं थांबली. एकदम.

पागोळ्यांचाही आवाज येईना.

चुलीकडून... कुणीतरी फुंकणी फुंकत होतं.



"कोन हाय?"

फुंकणी थांबली. मग... पाणी खदखदायला लागलं.

पोरीला खाली ठेवून ती कशीबशी उठली. चिमणी हातात घेऊन चुलीपाशी गेली. चूल विझलेली. राखेत हात घातला. राख गार.

वरचं तपेलं पोळत होतं.

तेवढ्यात मागून... चमचा भांड्यावर वाजला.

एकदा.

परत एकदा.

बयाबाई धावली. पोरीजवळ कुणी नव्हतं. साळूचे ओठ ओले होते. पोर टकमक बघत होती.

"आये, नर्सबाई आल्या व्हत्या. पानी पाजलं."

बयाबाईनं पोरीला उचलून छातीशी धरलं.

"काय... काय म्हनल्या?"

"म्हनल्या, आईला सांग. माजी वटी जन्मात कुनी भरली न्हाई, तिनं भरली. तिचं उपकार फिटायचं न्हाईत."

साळू त्याही वेळी जगली.

शाप दिला असता तर आजीनं उतारा टाकला असता, भगत बोलावला असता. ती रागावली असती तर पाय धरले असते. आभारांना कोण काय करणार? पुढं चाळीस वर्षं आजी आषाढात संध्याकाळी चुलीपाशी एकटी बसली नाही. बाई आली तर येऊ दे, म्हणायची. पुन्हा आभार मानील, याचंच तिला भय.

मी साळूआत्याला एकदाच विचारलं होतं, हे बोलताना बाई हसत होत्या का?



"दिसलं न्हाई रं," आत्या म्हणाली. "हिरवा पदर व्हता तोंडावर."