लिनक्सवरची घंटा

"आलोकनं काल काम पाठवलंय," राघवेंद्र फोनवर म्हणाला.

मृण्मयी वर्गाच्या दारातच थांबली. आलोक तापानं जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या दहाव्याला ती स्वतः गेली होती.

"नीट सांग."

"त्याच्या खात्यातून बदल आलाय. कुणीतरी पासवर्ड चोरला. मी खातं बंद करायलोय. प्रोग्रॅमवरचं त्याचं नावपण काढावं लागंल."

"संध्याकाळपर्यंत थांब," ती म्हणाली. त्या नावाशिवाय आलोकचं मागं काही उरलं नव्हतं.

'सराव' हा तिघांनी मिळून लिहिलेला प्रोग्रॅम. प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांसाठी, फुकट. त्याचा कोडही सगळ्यांना खुला, कुणीही वाचावा, सुधारावा. मृण्मयी लातूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि उरलेल्या वेळात प्रश्न तपासायची. विंडोजची बाजू नांदेडहून राघवेंद्र बघायचा, लिनक्सची आलोक. आलोकचा हट्ट एकच. जे विंडोजवर, ते लिनक्सवर. जुन्या मशीनवर फुकटचं लिनक्स घालून अभ्यास करणाऱ्याला कमी का मिळावं?

मात्र एका गोष्टीत हाच हट्टी माणूस टाळाटाळ करायचा. पेपरची वेळ संपली की विंडोजवर घंटा वाजायची, लिनक्सवर नाही. त्यावरून राघवेंद्रचे आणि त्याचे खटके उडायचे.

आता लिनक्सवरही घंटा आली होती, रात्रीतच सगळ्यांच्या मशीनवर पोचली होती.

मृण्मयीनं रिकाम्या वर्गात बसून तो बदल उघडला. सुरुवातीलाच ओळ होती: 'हाव, चालतंय.' प्रत्येक कामावर आलोक असाच होकार लिहायचा. पण ते कुणीही उचललं असतं. तिला खटकलं ते वेगळंच. आलोक गेल्यावर दोघांनी प्रोग्रॅमची मांडणी बदलली होती. हा कोड चालत होता, पण जुन्या मांडणीसाठी लिहिलेला होता.

तिनं घंटेचा आवाज लावून ऐकला. ठण्ण. धातूचं भांडं धातूवर पडल्याचा. मागोमाग घाईघाईनं काकणं किणकिणली आणि आवाज तुटला.

तिनं राघवेंद्रला फोन लावला. "पासवर्ड तुलाही ठाऊक होता ना?"

"होता."

"घंटा तुलाच हवी होती."

"हवी होती. पण गेलेल्या दोस्ताच्या नावानं पाठवू? एवढा नीच न्हाई मी. अन् हा आवाज कुठला? मी तर विंडोजमधलाच घेतला होता."

तिला स्वतःचीच लाज वाटली. पण विचारणं भाग होतं.

आलोकचं मशीन घरीच असणार, म्हणून ती संध्याकाळी तिथं गेली. दार त्याच्या वडिलांनी, उद्धव सरांनी उघडलं. मुलगा गेल्यापासून ते खांद्यात वाकले होते. वरच्या खोल्यांत कोचिंगच्या मुली भाड्यानं राहत होत्या. स्वयंपाकघराच्या दाराशी परात होती. तिच्यात एक लोटा उपडा, त्याच्या बुडावर दुसरा लोटा, जेमतेम तोललेला.

"सर, हे काय?"

"किल्लारीच्या भूकंपापासून आहे. जमीन हलली की वरचा लोटा पडतो, झोपलेला माणूस जागा होतो. हिचं अख्खं माहेर त्यात गेलं."

"आलोकचा कॉम्प्युटर कोण चालू करतं?"

"माझ्यानं त्या खोलीत पाऊल टाकवत नाही, बाई."

आलोकची आई, इंदूकाकू, चहा घेऊन आल्या. कप ठेवताना काकणं वाजली. मृण्मयीनं तो आवाज ओळखला.

"काकू, घंटा तुम्ही पाठवलीत."

सरांनी दचकून बायकोकडं पाहिलं.

"चोरी कुणीच केली नाही, सर. आज लिहिणाऱ्यानं आजच्या मांडणीसाठी लिहिलं असतं. म्हणजे कोड आलोकनंच लिहिला, हयात असताना. आवाज त्यानं इथेच रेकॉर्ड केला, हा लोटा परातीत पाडून. लोटा पडला तशा काकू धावत आल्या. त्यांची काकणं त्यात ऐकू येतात. आईची ती धावपळ पाहून त्यानं काम पुरं केलं, पण पाठवलं नाही. या घरात, वरच्या मुलींच्याही मशीनवर, लिनक्स होतं; कुठलीही घंटा वाजली तरी काकू धावल्या असत्या, म्हणून लिनक्स मुकं राहिलं. तो राघवेंद्रच्या शिव्या खात राहिला, कारण मात्र कधी सांगितलं नाही. पासवर्ड मशीनमध्येच होता. फक्त कुणीतरी 'पाठव' म्हणायचं बाकी होतं. सर त्या खोलीत जात नाहीत."

काकूंनी पदरानं हात पुसले.

"रोज पुसते मी ते मशीन, चालू करते. चालू झालं की इचारतंय, 'घंटा पाठवायची? हो का नाही?' रोज 'नाही' दाबलं. परवा वरची वैष्णवी लई रडली. तिच्या मशीनवर घंटा न्हाई, पेपर कधी संपला कळलंच न्हाई तिला. मग दाबलं 'हो'. माझ्यापायी अडलं हुतं, मला काय ठावं?"

मृण्मयीनं राघवेंद्रला निरोप टाकला: खातं राहू दे. आलोकनंच पाठवलंय.

"काकू, लिनक्सवरचा आवाज बदलू का? दुसरा, हळू एखादा?"

उत्तर यायच्या आत वर वैष्णवीचा सराव पेपर संपला. ठण्ण. सर सवयीनं उठून दाराकडं वळले. इंदूकाकू जागच्या हलल्या नाहीत.

"काकू?"

"असू दे त्योच," त्या म्हणाल्या. "लोटा पडला की आधी आलोकला उचलायची अन् मग बाहेर पळायची मी. आता कुणाला उचलू?"