पाणी घालू नका

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, तेव्हा तिच्या हातातल्या कुंडीत जाड, रसाळ पानांचं एक कुजलेलं सक्युलंट होतं. ते ती गुपचूप कचऱ्यात टाकायला निघाली होती. वीस मिनिटांनी वरचं दार थोडं उघडलं आणि मेकॅनिक डोकावला.

"आधी झाड द्या."

"आधी मला काढा."

"तुम्ही धडधाकट दिसताय. त्याचं मात्र काही खरं नाही."

ती चिडली, पण कुंडी दिली. तिला हात देऊन वर घेतल्यावर त्याने चाकूने देठ कापून पाहिला. आतून काळाठिक्कर.

"रोज पाणी घालता?"

"रोज सकाळी. न चुकता."

"तिथंच चुकलं."

दातांच्या दवाखान्यात ती पेशंटच्या वेळा लावून द्यायची. घरी फक्त आत्या. तिनेच हिला लहानाची मोठी केली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आत्या तीन महिने मुलाकडे गेली आणि जाताना आपल्या अकरा कुंड्या हिच्या हवाली करून गेली. हिने झाडांना जीव लावला, म्हणजे भरपूर पाणी घातलं.

उरलेली दहा बघायला तो वर आला. कुंड्या हीटरला खेटून, बशांमध्ये पाणी साचलेलं.

"हिवाळ्यात ही झोपतात," तो म्हणाला. "झोपलेल्याला उठवून कुणी पाणी पाजतं का?"

त्याने बशा ओतून टाकल्या. कुंड्या खिडकीशी नेल्या, पण गार काचेपासून वीतभर अलीकडे. मेलेल्या झाडाची तीन धड पानं कागदावर मांडली.

"चार-पाच दिवस सुकू द्या, मग कोरड्या मातीवर नुसती ठेवा. मुळं फुटेपर्यंत हात लावू नका. मोठ्या झाडांना महिन्यातून एकदा पाणी, तेही माती खडखडीत असेल तरच."

"आणि बाकीचे दिवस काय करायचं?"

"काही नाही." तो हसला. "तेच अवघड असतं..."

पुढच्या शुक्रवारी तो आला. लिफ्ट व्यवस्थित चालू होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आला. बोटाने माती चाचपायची, कुंडी थोडी फिरवायची — काम दोन मिनिटांचं, चहा तासाभराचा. पाचव्या शुक्रवारी एका पानाच्या टोकाला केसासारखं गुलाबी मूळ दिसलं. दोघं एकदमच वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं. कुणीच लगेच मागे सरकलं नाही.

हिवाळा सरता सरता आत्या परतली. हिने मनाचा हिय्या करून सांगितलं, "आत्या, एक माझ्या हातून मेलं."

"कुठलं, ते निळसर?" आत्याने काठी भिंतीला टेकवली. "ते मी दोनदा मारलंय. गुपचूप नवीन आणून ठेवायचे. तुला कधी कळलं?"

त्या शुक्रवारी तो दारातूनच परत फिरला. "आता झाडं जाणत्या हातात आहेत," एवढंच म्हणाला. त्यानंतर तीन शुक्रवार आलाच नाही. आत्याने तिसऱ्यांदा दोनाऐवजी तीन कप चहा केला आणि उरलेला कप ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती त्याच्या वर्कशॉपवर गेली. तो मोटर उघडून बसला होता. तिला बघून उठला, हात पुसायला फडकं शोधू लागला. फडकं खांद्यावरच होतं.

"झाडं बरी आहेत ना?"

"सगळी बरी आहेत."

"मग...?"

"मग काही नाही. सांगायला कारण उरलं नाही, म्हणून विनाकारणच आले." तिने श्वास घेतला. "शुक्रवारी करमत नाही मला."

त्याने खांद्यावरचं फडकं ओढून हातात घेतलं. "मी निघायचो रोज," तो म्हणाला. "तुमच्या कोपऱ्यापर्यंत यायचो. काय सांगून वर येऊ ते सुचायचं नाही."

त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा," तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, हळूच — "बस ना."