पाचच्या बटणावरचा कॅमेरा

सहदेवांच्या म्हाळाला, पितृपक्षातल्या श्राद्धाला, नितेशला सुट्टी मिळाली नाही. पोरगा जहाजावर कामाला. बाप गेला तेव्हाही तो समुद्रातच होता. बाबा आपल्यावर रागावून गेले, हे त्याच्या मनातून निघत नव्हतं. "आई, कावळा पानाला शिवताना मला दिसला पाहिजे," एवढंच त्याचं मागणं.

म्हटलं, दाखवते.

व्हिडिओ बघून बघून मी बरंच काही शिकले आहे. घरात त्याला 'आईचे चाळे' म्हणतात. कांदिवली स्टेशनबाहेरून आकड्यांचा छोटा कीबोर्ड आणला, हिशेबवाले लॅपटॉपला जोडतात ना, तसला स्वस्तातला. त्याचं एकेक बटण एकेका कॅमेऱ्याला लावायचं. एक दाबलं की हॉलमधला सहदेवांचा फोटो, दोन दाबलं की गच्चीचा कठडा. कॅमेरे म्हणजे घरातले दोन जुने मोबाइल. बाकीच्या बटणांना काहीच लावलं नव्हतं. दोनवर मी टिकली चिकटवली, चष्मा नसला तरी बोटाला कळावं म्हणून.

"टीव्ही स्टेशनच काढलंस गं," माझी धाकटी, श्वेता, म्हणाली. "आता बातम्या पण दे."

"तू आधी पान घेऊन वर जा. वडे गार होतायत."

श्वेता गच्चीवर, मी हॉलमध्ये लॅपटॉपपुढे, नितेश त्याच्या केबिनमध्ये. तिघांचा एकच व्हिडिओ कॉल चालू, लॅपटॉपवर येईल ते चित्र नितेशलाही दिसायचं. वडे, खीर, भात, काळ्या वाटाण्याची उसळ, सगळं पान कठड्यावर मांडलेलं. एरवी आमच्या खिडकीतून पोळी पळवणारे कावळे. आज एक नाही. ऊन नुसतं कठड्यावर सांडलेलं.

गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी एकेक कबूल करायचं.

"बाबा, आईला मी बघीन," श्वेता म्हणाली. काही नाही.

"अहो, दिवाळीला येतोय तो. या आता," मी म्हटलं. काही नाही.

मग नितेशचा आवाज आला, कापरा. "बाबा, एका पानात जेवायचं राहिलं ना आपलं? जेवू. या तुम्ही."

गेलेल्याला काहीही कबूल करावं, सोबत जेवायचं कबूल करू नये. हे त्याला कधी सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

"नितेश, शब्द मागे घे."

"का गं?"

पान बघायला मी चाचपडत, दोन समजून, बटण दाबलं. बोटाला उंचवटा लागला, पण तो टिकलीचा नव्हता. पाचच्या बटणावर कंपनीचाच एक ठिपका असतो, तो होता.

स्क्रीन काळी व्हायला हवी होती. कठडा दिसला. पण बाहेरून. सातव्या मजल्यापलीकडून, जिथे नुसती हवा आहे. समोर पान, पानामागे आभाळात कावळा शोधणारी श्वेता.

पानातला भात कमी होत होता.

"आला! आई, बाबा आले!" नितेश रडत हसत होता.

"श्वेता, कावळा आलाय?"

"कुठाय? पान जसंच्या तसं आहे."

मी दोन दाबलं. पान भरलेलं. पाच दाबलं. पान पुसून घेतल्यासारखं स्वच्छ.

मग ते चित्र वळलं आणि चालू लागलं. पाणी. नुसतं पाणी. लोखंडी जिना. अरुंद बोळ. एक बंद दार, आणि दाराच्या आतली खोली.

निळ्या कपड्यांतली पाठ. हातात मोबाइल.

मी कीबोर्डची वायर उपटली. चित्र गेलं नाही.

"नितेश, खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. आतून कडी आहे."

"बाहेर जा. आत्ता. मागे बघू नकोस."

तो उठला नाही. चित्र त्याच्या मानेपर्यंत गेलं. खांद्यावरून पुढे वाकलं.

"बाळा, बोल ना रे," मी म्हटलं.

मी लॅपटॉपला कान लावला.

"थांब जरा," तो म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हते. त्याच्या तोंडात घास होता.