खडू तिच्या हातात

चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून ती घरी आली आणि फाटकातच थबकली. दाराची चौकट नव्या निळ्या रंगात चमकत होती, फक्त वरची पट्टी तेवढी जुनी, तपकिरी. त्या पट्टीवर खडूनं लिहिलेलं गेलं साल आणि तीन राजांची आद्याक्षरं. बाबांच्या हातची. दरवर्षी तीन राजांच्या सणाला चर्चमधून आणलेल्या खडूनं घरातला कर्ता हे लिहायचा, मग खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडायचं. यंदा बाबा नव्हते.

शिडीवर एक रंगारी नुसताच ब्रश धरून बसला होता.

"वरचं का सोडलंत?"

"तुमच्या दादांनी सगळं घासून काढायला सांगितलंय. पण... हे माझ्याच्यानं पुसवेना. आमच्या घरीही असायचं."

"असायचं?"

"घर होतं तोवर."

तिनं वर पाहिलं, त्यानं खाली. मग दोघांनीही उगाच रंगाच्या डब्याकडे पाहिलं.

दादाला घर विकायचं होतं, म्हणून ही रंगरंगोटी. तिला मात्र इथंच राहायचं होतं, एकटीनं का होईना! आत्या म्हणाली, "कर्ता आता दादा. तो लिहिणार नसेल तर यंदा आशीर्वाद नाही. तू नसते उद्योग करू नकोस." ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवडाभर रंगाचं काम रेंगाळलं. दोन हातांत भागणाऱ्या भिंतीला तो तिसरा हात देत होता.

"तिसरा कशाला?"

"ओल येऊ नये म्हणून."

"भिंत तर ठणठणीत कोरडी आहे."

"मग... तुम्ही चहा आणून देता म्हणून."

ती फणकाऱ्यानं आत गेली आणि ओट्याशी उभी राहून पोटभर हसली. आवडला होता तिला तो. सरळ सांगायचं तर फारच आवडला होता.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर तिनं तडक फादरना गाठलं. "घरात जो राहतो, तो आशीर्वाद मागू शकतो," असं म्हणून त्यांनी खडू तिच्या तळहातावर ठेवला. झालं, तिला आणखी काय हवं होतं! ती तशीच घरी आली. रंगारी काल विसरलेले ब्रश न्यायला आला होता म्हणे.

"शिडी धरा."

"आणि दादा?"

"त्याचं नाव काढाल तर हा खडू तुमच्या कपाळावर ओढीन!"

बाबांच्या अक्षरांशेजारी तिनं नवं साल लिहिलं. मग ती प्रार्थना वाचू लागली, तो पाण्याचा वाडगा धरून मागोमाग "आमेन" म्हणू लागला. स्वयंपाकघर झालं. बाबांच्या खोलीत ती मधेच अडली, तेव्हा पुढची ओळ त्यानंच हळूच वाचली.

एवढ्यात दारात दादा.

"हे काय चाललंय?"

"घराला आशीर्वाद."

"विकायच्या घराला?"

"माझ्या सहीशिवाय विकणार कसं? अर्धं घर माझं आहे आणि सही मी करणार नाही. मी इथंच राहणार, दादा."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. तो रंगाऱ्यावर खेकसला, "ए, पूस ते आधी!"

"दुसरा माणूस बघा."

"काम गेलं तुझं!"

"बरं," तो म्हणाला. वाडगा काही त्यानं खाली ठेवला नाही.

दादा पाय आपटत निघून गेला. अजून एक खोली राहिली होती. तिची स्वतःची. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. ती आतून वाचू लागली—

"या घरात जे येतील आणि इथून जे जातील, त्या सर्वांना शांती लाभो."

ती उंबऱ्याशी आली.

"आमेन म्हणा की!"

"अर्ध्याला म्हटलं तर चालेल?"

"कुठल्या अर्ध्याला?"

"येण्याच्या..." त्याचे कान लाल झाले. "जाण्याला आमेन माझ्याच्यानं म्हणवत नाहीये."

तिनं वाडग्यात बोटं बुडवली आणि पाणी थेट त्याच्या तोंडावर उडवलं.

"अहो! आत्या काय म्हणतील?"

"आत्याला मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही आत या."