हाकेला न येणारं पिल्लू

वाटाड्या लेमायानने गाडीतली कळ दाबली, तेव्हा कोणालाच काही ऐकू आलं नाही. फक्त शहापुरेकाकांच्या कपातल्या चहावर बारीक लहरी उठल्या आणि काकूंनी नकळत छातीवर हात ठेवला.

"आता बघा," नीलाक्षी म्हणाली.

समोरच्या काटेरी झाडांमागून हत्ती निघाले. एक, मग आणखी एक. आपल्यालाच भेटायला यावं तसे थेट गाडीच्या रोखाने. सांगलीहून आलेल्या मंडळींनी चहा ठेवून कॅमेरे उचलले.

हत्ती एकमेकांना नावाने हाका मारतात, हे कळून आता बरीच वर्षं झाली होती. माणसाच्या कानाला न पोचणारा, खर्जाच्याही खालचा तो आवाज. शास्त्रज्ञ त्याला अवश्राव्य ध्वनी म्हणत. या हाकांच्या भरवशावर कळपातले हत्ती चरत चरत कोसभर पांगत आणि तरी एकमेकांना सोडत नसत. मग कोणती हाक कोणासाठी हे ओळखून ती हुबेहूब काढणारं यंत्र निघालं. मराठी मंडळी त्याला हाकयंत्र म्हणू लागली.

नीलाक्षी खोत सांगलीच्या एका सहल कंपनीची जुनी मार्गदर्शक. यंत्र येण्याआधी ती केनियातल्या या ओल्तुरेटीच्या रानात पाहुण्यांना आणायची, तेव्हा दिवसभर धूळ खाऊन कधीकधी हत्तीची पाठच दिसायची आणि लोक कुरकुरायचे. आता कंपनीच्या जाहिरातीत 'हत्ती दिसणारच' असं छापलेलं असे आणि सहली भरून जात. ते रानाच्याही हिताचं होतं. जमीन तिथल्या मासाई गुराखी कुटुंबांची, लेमायानच्याही घरची. पाहुण्यांचे पैसे मिळत तोवर ती कुटुंबं जमीन कुंपण न घालता जनावरांसाठी मोकळी ठेवत. या रानात का यावं, असं कोणी विचारलं की नीलाक्षी हेच सांगे: तुम्ही येता म्हणून ते राहतं.

पण आज आलेले दोघे तरुण नर होते. कळपाची म्होरकी नालांगू अर्ध्या वाटेत थांबली. तिने गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि पाठ फिरवली.

"परत दाबा की," शहापुरेकाका म्हणाले. "ऐकलं नसेल."

लेमायानने कळ दाबली. नालांगूने मागे वळूनही पाहिलं नाही.

"ऐकलंय तिने," तो हळूच म्हणाला.

 नीलाक्षीला कालची गोष्ट आठवली. काकांना नालांगूच्या पिल्लाचा जवळून फोटो हवा होता. लेमायान नको म्हणत होता, पण सगळ्यांची हौस पाहून नीलाक्षीने "एकदाच" म्हटलं. नालांगू पिल्लाला ज्या हाकेने बोलावते तीच लेमायानने वाजवली. पिल्लू कान फडफडवत धावत आलं, गाडीचं तापलेलं बॉनेट त्याने सोंडेने हुंगलं, आईला शोधत गाडीभोवती फिरलं आणि परत बॉनेटपाशी आलं. सगळे हसले. काकूंनी त्याचं नाव ढब्बू ठेवलं.

आज दुपारी ते कोरड्या नदीपात्राच्या काठाशी पोचले. खाली वाळूत ढब्बू एकटाच उभा होता. कळप वळणापलीकडे, उंच दरडीमागे गेलेला. हाका टिपणाऱ्या हाकयंत्राच्या पडद्यावर रेघ उसळली. नालांगू पिल्लाला बोलावत होती.

ढब्बूने डोकं वर केलं. मग तो आवाजाकडे पाठ करून विरुद्ध दिशेला चालू लागला.

"अरे, आई तिकडे आहे," काकू पुटपुटल्या.

पडद्यावर तीच रेघ पुन्हा उमटली, मग पुन्हा. दर हाकेला ढब्बू दचकत होता आणि आणखी दूर जात होता. तेवढ्यात लेमायानने दुर्बीण खाली घेतली आणि बोटाने समोरच्या गवताकडे दाखवलं. गवतात दोन सिंहिणी दबा धरून बसल्या होत्या.

"आपल्या यंत्राने बोलवू ना त्याला," काका म्हणाले.  "कालसारखं."

"काल बोलावलं म्हणूनच आज तो येत नाही," लेमायान म्हणाला. "त्याच्या लेखी ती हाक आता आईची राहिली नाही."

"मग गाडी मध्ये घाला."

"दरड उभी आहे. गाडी उतरणार नाही."

 एक सिंहीण पोट घासत पुढे सरकली. ढब्बू वाळूत सोंड आपटत होता. नीलाक्षीला वाटलं, ओरडावं. पण माणसाच्या ओरडण्याने बिथरून तो नेमका गवतातच शिरला तर? तिने ओठ आवळून धरले.

पडद्यावरच्या हाका एकाएकी थांबल्या. काही क्षणांनी वळणावर धुळीचा लोट उठला. बोलवून येत नाही म्हटल्यावर नालांगू स्वतःच धावत आली होती. तिला पाहताच सिंहिणी उठून बाजूला झाल्या. ढब्बू मात्र आईलाही बिचकून मागे सरला. नालांगू हाक न मारता नुसती उभी राहिली. मग तिने सोंड लांब करून त्याच्या तोंडाला लावली. त्याने तिचा वास घेतला, आणि तेव्हा कुठे तो तिच्या पोटाखाली शिरला.

काकू रडत होत्या. काकांनी कॅमेरा कधी पिशवीत टाकला ते कोणी पाहिलं नाही.

पुढचे दिवस पडद्यावरची रेघ सरळ राहिली. कळप बोलायचाच थांबला. हत्ती अंगाला अंग लावून चालत, एकमेकांना सोंडेने चाचपत.

"किती जवळजवळ राहतात," कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

"हाकेवर विश्वास नाही म्हणून राहतात," लेमायान म्हणाला. "सगळ्यांनी एकाच जागी चरलं तर तिथे गवत किती पुरेल? उन्हाळ्यात यांना पांगावंच लागतं. पांगले नाहीत, तर आधी पिल्लं जातील."

सांगलीला परतल्यावर नीलाक्षीने जाहिरातीतली ती ओळ काढायला लावली. मालक म्हणाला, "मग लोकांनी यायचं कशाला? हत्ती घरच्या पडद्यावर दिसतातच."  तिकडे लेमायाननेही जमीनमालकांच्या बैठकीत भांडून वर्षभरासाठी यंत्रं काढायला लावली. पण म्हाताऱ्या मंडळींनी त्याला बजावलं, की पाहुणे आटले तर प्रत्येकजण आपापल्या तुकड्याला तार घालील. तारेने हत्तींची वाट तुटली असती, आणि म्हातारे काही चुकीचं बोलत नव्हते. पोरंबाळं त्यांनाही होती.

पुढच्या वर्षी नीलाक्षीच्या सहलीला भरलेल्या बसऐवजी एक गाडीभर माणसं आली. त्यांत शहापुरे पतिपत्नी होते.

"हिने हट्ट धरला," काका म्हणाले. "पोर कसं आहे ते बघायचं म्हणते."

पहिले दिवस रिकामे गेले. रानाच्या कडेला एका ठिकाणी कोणी खांब रोवून ठेवले होते. तार अजून लागली नव्हती. गाडी जवळून गेली, तेव्हा लेमायानने तिकडे पाहिलं नाही.

शेवटच्या दिवशी कळप दिसला, दूरवर. ढब्बू वाढला होता, पण बरगड्या मोजता येत होत्या. बाकीच्यांपासून जरा लांब, पिवळ्या गवतात तो उभा होता. नालांगू टेकाडापलीकडे गेलेली. लेमायानने इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळाने नीलाक्षीच्या बरगड्यांत काहीतरी घुमलं. तिने लेमायानकडे पाहिलं.

"मी नाही," तो कुजबुजला. "यंत्र गाडीत नाहीच."

काकूंनी तिचा हात घट्ट धरला. पलीकडच्या गवतात ढब्बूने डोकं उचललं, कान पसरले. त्याने आधी टेकाडाकडे पाहिलं आणि मग वळून सरळ गाडीकडे.

तो तसाच उभा राहिला. ही हाक खरी आहे, हे त्याला कोण सांगणार होतं?