बिनखाचेची ब्रेस

ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल, त्यांनी खुशाल ठेवू नका. मी पदरचं काहीही घातलेलं नाही. हे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत घडलं, आणि शेवटचा थोडा भाग माझ्यासमोर घडला.

तारीख ५ नोव्हेंबर २०१९. मंगळवार. जागा मिशिगनमधलं क्रॉसविल, सासऱ्यांच्या घरामागचं गॅरेज.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

दुपारचे सव्वादोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

माझे सासरे व्हर्लिन हॅचर. वय त्र्याहत्तर. माणूस तिरसट, पण कामात वाकबगार. तरुणपणी ते गावातल्या मोटार कारखान्यात होते. कारखाना कधीच पाडला, आता तिथे नुसतं गवत आहे. तिथे 'केस्ट्रल' नावाची गाडी बनायची. टप उघडा, इंजिन दांडगं, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. आज लोक तिची पूजा करतात.

हे जुन्या गाड्यांचे वेडे म्हणजे एक वेगळीच जमात. लग्नाचा वाढदिवस विसरतील, पण कुठला बोल्ट कुठल्या महिन्यात बदलला ते झोपेतही सांगतील. त्यांचं सगळ्यात मोठं भांडण ब्रेसवरून असतं.

टप नसलेली गाडी वळणावर पिळवटते. म्हणून तिच्या पोटाखाली एक जाड पोलादी पट्टी आडवी बसवतात. तीच ब्रेस. केस्ट्रलची ब्रेस दोन तऱ्हेची. फेब्रुवारी एकोणसत्तरच्या आधीची साधी, बिनखाचेची. त्यानंतरची, डाव्या टोकाला लांबट खाच असलेली. बिनखाचेच्या फार थोड्या उरल्यात, त्यामुळे नकली पुष्कळ निघतात. अस्सल ओळखायची एक खात्रीची खूण आहे. डाव्या टोकाला पान्याच्या ठोक्याचे दोन बारीक टवके, शेजारी शेजारी. नकली बनवणाऱ्यांना ते कधी जमलं नाही.

आणि ते टवके पारखण्यात सासऱ्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते म्हणाले अस्सल, की अस्सल.

ती खाच कशासाठी आली? केस्ट्रलवाल्यांच्या क्लबच्या पुस्तकात छापलंय, पाणी निथळून जावं म्हणून. ही माहिती सासऱ्यांनीच दिली होती.

ती खोटी होती. खोटी आहे हे जिवंत माणसांत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

खरं असं. कारखान्यात ब्रेस दोघे मिळून बसवायचे. एक खाली खड्ड्यात, एक वर बटणापाशी. खालचा माणूस ब्रेस जागेवर धरायचा आणि बोल्ट भोकात सरकवायला डावा हात खांद्यापर्यंत आत घालायचा. वरून गाडीचा सांगाडा हळूहळू खाली यायचा. गोंगाट एवढा की शेजारी उभं राहून बोंबललं तरी ऐकू येऊ नये. म्हणून पान्याने ब्रेसवर ठोकायचं.

दोन ठोके... सोड खाली.

तीन ठोके... थांब, हात आत आहे.

खाली डेल झारेम्बा होता. वर, बटणावर, व्हर्लिन हॅचर.

अकरा फेब्रुवारीला सकाळी डेल त्या सांगाड्याखाली सापडला. जेवणाची शिट्टी व्हायच्या आत गेला. चौकशीत व्हर्लिननी सांगितलं, "मला दोन ठोके ऐकू आले." निकाल लागला, चूक डेलची. त्याने इशारा दिला आणि हात आतच ठेवला. वाकलेली ब्रेस हातोडीने सरळ करून त्याच गाडीला बसवली, गाडी पुढे गेली. दुसऱ्या आठवड्यापासून खाचेच्या ब्रेस आल्या. खाचेतून बोल्ट बाहेरून दिसतो, हात आत घालावा लागत नाही.

पन्नास वर्षं लोक त्या खाचेचे फोटो काढत होते.

त्या मंगळवारी लोर्ना आली. डेलची मुलगी. बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती. एका ट्रेलरवर चिखलाने माखलेली एक केस्ट्रल घेऊन आली.

"गाडी आणलीस की शेत आणलंस?" सासरे म्हणाले. ती कोण, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

"शेतातच सापडली. सतरा वर्षं शोधत होते, मिस्टर हॅचर. चौकशीच्या कागदावर गाडीचा नंबर होता."

"कसली चौकशी?"

"मी लोर्ना झारेम्बा."

सासऱ्यांनी हातातलं फडकं उगाचच दोनदा झटकलं. मग म्हणाले, "नाक बापाचंच आहे."

"आई पण हेच म्हणते." ती हसली. पण लगेच तिचा चेहरा उतरला. "आई ओक स्ट्रीटच्या वृद्धाश्रमात आहे. डॉक्टर म्हणाले, आठवडा काढेल न काढेल. तिचं एकच चाललंय. डेल असा गाफील नव्हता, त्याने तीनच ठोकले असणार. गावात सगळे म्हणायचे ना, झारेम्बा सकाळीच पिऊन आला होता. तिने पन्नास वर्षं ते ऐकून घेतलंय."

"मग माझ्याकडे काय काम?"

"त्या ब्रेसवर टवके असतील. ते किती आहेत, तेवढं बघून सांगा. वर गंजू नये म्हणून लावलेल्या डांबराचा थर आहे, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. सगळे म्हणतात, व्हर्लिन हॅचरचं बोट लागलं की संपलं."

नाही म्हणायला सासऱ्यांना काही कारण सुचलं नाही.

गाडी वर उचलायच्या लिफ्टवर चढवली. लोर्ना फोनवर बोलायला अंगणात गेली. गॅरेजचं दार सताड उघडं होतं, तिची पाठ दिसत होती. सासरे एकटेच गाडीखाली उभे राहिले. ब्रेस बिनखाचेची होती. मधोमध हातोडीने ठोकून सरळ केल्याच्या चपट्या जागा होत्या. तीच होती, यात शंका नव्हती.

सवयीने त्यांनी बोटाच्या पेराने एकदा वाजवून पाहिलं. अस्सल पोलाद भरीव वाजतं, नकली पत्र्यासारखं.

ठक.

भरीव वाजलं.

आणि मग...

ठक.

हात तर खिशात गेला होता.

त्यांना वाटलं, गाडी लिफ्टवर नीट बसत असेल. जुनं लोखंड कुरकुरतंच. त्यांनी पातळ पातं घेतलं आणि डाव्या टोकाचा डांबराचा थर खरवडायला घेतला. पन्नास वर्षांचा थर, दगडासारखा. त्याला आजवर कोणी हात लावला नव्हता, ही त्यांनी मला शपथेवर सांगितलेली गोष्ट.

पहिला टवका दिसला. दुसरा दिसला.

त्यांचा हात थांबला. त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, देवा, इथेच संपू दे.

तेवढ्यात बाहेरचा आवाज बंद झाला. लोर्नाचा फोन, रस्त्यावरच्या गाड्या, शेजारचं पाचोळा उडवायचं यंत्र... सगळं एकदम गप्प. लोर्ना बोलता बोलता इकडे वळली होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. आवाज नव्हता.

त्या शांततेत त्यांनी पातं अर्धा इंच पुढे नेलं.

तिसरा टवका.

सासरे मला म्हणाले, "ते मला माहीतच होतं रे. मी ऐकलं होतं. तीनच ऐकले होते. त्या सकाळी गाड्यांची लाइन सतरा वेळा थांबली होती, मुकादम माझ्या डोक्यावर उभा राहून शिव्या देत होता. मला वाटलं, डेल नुसता वेळ काढतोय. मरू दे, काढेल हात. आणि दाबलं बटण."

तिसऱ्यावर थांबले असते, तर निदान तेवढ्यावर भागलं असतं.

पण पारख्याचा हात. तो थांबला नाही.

थोडी मोकळी जागा. मग पुन्हा टवके. एक, दोन, तीन.

मोकळी जागा. एक, दोन, तीन.

आजवर त्यांनी स्वतःची एकच समजूत घातली होती. डेलला काही कळलं नसेल, एका क्षणात सगळं आटोपलं असेल. पण सांगाडा अंगावर आल्यावरही डेल ठोकत राहिला होता. उजवा हात मोकळा होता ना. वरचा मित्र बटण सोडील, या आशेवर तो ठोकत होता.

सासऱ्यांनी टॉर्च जवळ नेला. टवके गंजाने काळे पडले होते. सगळे नाही. शेवटचे तीन...

शेवटचे तीन चकचकीत होते.

गंजाचा कण नाही. आत्ता पडल्यासारखे. त्यांच्या कडेला पोलादाची बारीक पूड होती, फुंकली तर उडेल अशी. आणि ते बघत असताना, ब्रेसच्या आतल्या बाजूने, अगदी कानाशी...

ठक.

ठक.

ठक.

त्यांनी पातं टाकलं. पातं फरशीवर पडलं, त्याचा आवाज झाला नाही.

"सापडलं काही?"

लोर्ना दारात उभी होती. तिच्या त्या दोन शब्दांबरोबर सगळे आवाज परत आले.

आता ऐका. हा माणूस वाईट नाही. माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन फिरलेला माणूस आहे. पण पन्नास वर्षं उरावर बसलेलं खोटं एका दुपारी उठून जात नाही. ती पोर डोळ्यांत प्राण आणून समोर उभी होती. टॉर्च त्यांच्या हातात होता. त्यांनी तो विझवला.

"दोन आहेत," ते म्हणाले.

"दोनच?"

"दोनच."

लोर्ना काही वेळ गाडीच्या पोटाकडे बघत राहिली. स्वतः येऊन बघते, असं म्हणाली नाही. व्हर्लिन हॅचरचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, हे तिलाही पटलेलं होतं.

"म्हणजे बाबांनीच सोड म्हणून सांगितलं."

"पोरी, माणसाच्या हातून होतं असं."

"आईला खोटं सांगू का? तीन होते म्हणून?"

सासऱ्यांनी खाली पडलेलं पातं उचललं. ती स्वतःच म्हणाली, "नको. तिला लगेच कळतं. ही गाडी राहू दे तुमच्याकडे, मिस्टर हॅचर. मला आता नकोय." आणि ती रिकामा ट्रेलर घेऊन गेली.

पुढचे तीन तास सासरे स्वयंपाकघरात बसून होते. गॅरेज तिथून वीस पावलं. दारं बंद, खिडक्या बंद. तरी आवाज येत होता. तीन... मग थोडा थांबून तीन... घाई नाही, राग नाही. कामावरचा माणूस ठोकतो तसे ठोके.

सहाला दहा मिनिटं असताना त्यांनी लोर्नाला फोन लावला. ती काही बोलायच्या आत सगळं ओकून टाकलं. तीन होते. तिनापेक्षा जास्त होते. मी ऐकले होते. तुझा बाप शुद्धीत होता, चूक माझी होती. आईला सांग. आत्ताच्या आत्ता जाऊन सांग.



"मी पावणेपाचला सांगितलं तिला," लोर्ना म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दोन होते म्हणून. ती रडली नाही. म्हणाली, तू व्हर्लिनला विचारलंस, आता मी डेललाच विचारते. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. सव्वापाचला गेली."

सासऱ्यांनी फोन ठेवला नाही. तो तसाच हातात होता, पलीकडून लोर्नाचा श्वास ऐकू येत होता, आणि गॅरेजमधले ठोके मात्र थांबले होते. पहिल्यांदाच.

त्यांना वाटलं, सुटलो.

मग स्वयंपाकघराच्या दारावर...

हे ठोके लाकडावरचे होते. हलके. बाईच्या हाताचे. प्रत्येक ठोक्याला बोटातली अंगठी दाराला लागत होती.

टक. टक. टक.

त्यांनी दार उघडलं. पायरीवर कोणी नव्हतं. फोनवर लोर्ना विचारत होती, "कोण आलंय तुमच्याकडे?"

तिलाही ऐकू गेलं होतं.

त्यानंतर तिने त्यांचा फोन कधी उचलला नाही. सासऱ्यांनी क्लबला लांबलचक पत्र लिहिलं, खाच कशी आली ते सगळं. क्लबवाल्यांनी उत्तर पाठवलं, तुमची तब्येत सांभाळा. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. त्यात अजून पाणी निथळण्याचंच लिहिलंय. ज्यांना सांगायचं ते दोघे गेले, आणि जे उरलेत त्यांना फक्त अस्सल-नकलीशी कर्तव्य आहे.

हे सगळं त्यांनी मला जानेवारीतल्या एका रविवारी सांगितलं. जेवणं झाली होती. माझी बायको मुलांना घेऊन बर्फात खेळायला गेली होती. मी आणि ते, दोघेच टेबलापाशी. माणूस दोन महिन्यांत अर्धा झाला होता. केस्ट्रल गॅरेजमध्येच होती. विकायला काढली तर घेणारा शंभर मैलांवरून धावत येईल, पण त्यांनी कुलूप लावून किल्ली नदीत टाकली होती.

बोलता बोलता ते मध्येच थांबले. कॉफीचा कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

"ऐकलंस?"

ऐकलं होतं. आधी लांबून, गॅरेजच्या बाजूने, लोखंडावरचे तीन. मग जवळून तीन, हलके, माझ्या पाठीमागच्या दारावर.  मी वळून बघितलं नाही.

सासरे माझ्याकडे बघत होते. त्यांना दुसरं काहीच नको होतं. अजून एका माणसाला ऐकू येतं, एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. मला ते स्पष्ट दिसत होतं, मी काही आंधळा नाही. एक 'हो' म्हटलं असतं तर तो म्हातारा त्या रात्री कदाचित झोपला असता.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही ऐकलं."

त्यांनी मान हलवली आणि उरलेली कॉफी पिऊन टाकली. मी असं का म्हणालो, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही. बायको दर रविवारी एकटीच जाते, आणि परत आल्यावर बाबा कसे आहेत हे मी तिला विचारत नाही.