खालून धरणारा

ट्रकचं इंजिन घरी उतरवायचं म्हटलं की आधी अंगण हातचं जातं. धाकट्याने सकाळपासून नुसता पसारा मांडला होता. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, रेडिएटर पोत्यावर आडवा, पंखा, पट्टे, रबरी नळ्या जिथे जागा मिळेल तिथे. जळक्या तेलाचा वास घरात शिरला म्हणून वहिनीने खिडकी लावून घेतली होती. तिच्या शिवणयंत्राची खडखड मात्र बाहेर ऐकू येत होती.

ट्रक थोरल्या भावाचा. थोरला गेल्या हिवाळ्यात फुप्फुसांच्या दुखण्याने गेला, दवाखान्यातल्या कॉटवर, वहिनीच्या डोळ्यांदेखत. मागे राहिला हा ट्रक, आणि तोही थोड्याच दिवसांत जाम होऊन बसला. इंजिन नीट झालं तर एक कंत्राटदार ट्रक कायमचा कामाला लावून घेणार होता आणि वहिनीच्या पोटापाण्याची सोय होणार होती. नाहीतर भंगारवाला दारात येऊन टायरला लाथ मारून गेलाच होता. नुसतं इंजिन उतरवायला गॅरेजवाले काय मागतात ते ऐकून वहिनी आत जाऊन पुन्हा यंत्रावर बसली. तेव्हा धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, मी घरीच उतरवतो.

तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. हाताला कसब होतं, पण पंप मांडीवर घेऊन उघडता येतो. हे धूड कुणाच्या मांडीवर मावणार?

शेजारच्या वेल्डरने पाइपांची तिवई जोडून दिली आणि जड वजन उचलायची आपली चेनकप्पी संध्याकाळपर्यंत उसनी दिली. पसारा बघून तो म्हणाला, इंजिन काढतोयस का दात? मग गंभीर होऊन म्हणाला, हे एकट्याचं काम नाही, परवा मी मोकळा आहे, तोवर दम धर. पण इंजिन उद्या सकाळी कारखान्यात पोचायला हवं होतं. तिथला ओळखीचा माणूस घासायचं यंत्र रिकामं असताना इंजिनाचे झिजलेले सिलिंडर स्वस्तात घासून देणार होता, आणि परवापासून यंत्र रिकामं नव्हतं. वेल्डर खांदे उडवून आपल्या कामावर निघून गेला.

इंजिन चॅसीवर, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर, चार पायांवर बसतं. प्रत्येक पायाला एक लांब बोल्ट, वर डोकं आणि खाली नट. वरून पाना फिरवायचा तर खाली कुणीतरी पडून नट धरावा लागतो, नाहीतर बोल्ट आणि नट दोन्ही बरोबरच गरगरत बसतात. दोघे भाऊ हे बापाच्या हाताखाली शिकलेले. वरच्याचं बोलणं खालच्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून बापाने ठोके ठरवून दिले होते. चॅसीवर एक ठोका पडला की धर. दोन पडले की सुटी, बाहेर ये. तीन म्हणजे जागा बदल. आणि सुटीचा ठोका पडल्याशिवाय खालच्याने हलायचं नाही, हा बापाचा दंडक होता. वरच्याला न सांगता कुणी मधेच निघालं तर चिरडून जायचं.

धाकट्याला खाली जाणं कधी जमलंच नाही. डोक्यावर ते काळं लोखंड आलं की त्याची छाती आवळून यायची. त्यामुळे तीन ठोके पडायचे ते नावापुरते, खाली थोरलाच राहायचा. जेवताना मग चिडवायचा, "तुझ्या खाली जायच्या बाऱ्या माझ्याकडे साठल्यात. एक दिवस सगळ्या एकदम वसूल करीन." धाकटा मान खाली घालून हसायचा.

आज त्याने खालचा पाना तारेने चॅसीला बांधून टाकला होता, हात लांब करून, डोकं बाहेरच ठेवून. इंजिनाला साखळी अडकवली, ती ताणून घेतली आणि पहिल्या बोल्टला जोर लावला. तार तुटली, पाना खाली मातीत पडला. त्याने कपाळाला हात लावला. आणि काय मनात आलं कोण जाणे, निव्वळ सवयीने चॅसीवर हातोडीचा एक ठोका मारला.

आतलं शिवणयंत्र थांबलं.

त्याचं त्यालाच हसू आलं. वरून पुन्हा पाना लावून बघितला, तर बोल्ट सुटायला लागला. नट गंजून चिकटला असेल, असं म्हणून त्याने बोल्ट उपसून बाजूला ठेवला. आत यंत्र पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या बोल्टला गंज नव्हता. थोरल्याने भरलेलं ग्रीस अजून ओलं होतं. पाना लावला तर तो नुसताच गोल फिरला. धाकट्याने हातोडी उचलली. मग त्याने ठोका मारला, थोडा हळूच, आणि पाना फिरवला. खाली नट धरला गेला. गंजाची पकड मुकी असते. ही पकड आधी जराशी सैल झाली आणि मग घट्ट बसली. खाली पडलेला माणूस कोपर टेकून घेतो तेव्हा अशीच बसते. हे हातांना कळलं तोवर बोल्ट निघून आला होता.

तो वाकला. ट्रकखाली कुणी नव्हतं. पलीकडून उजेड येत होता. पण मातीत पडलेला पाना तिथे नव्हता, आणि पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला दोन्ही नट शेजारीशेजारी उभे करून ठेवले होते.

वहिनी चहा घेऊन आली. दोन कप होते. एक तिने त्याच्या हातात दिला, दुसरा वाकून चाकापाशी ठेवला.

"वेल्डर गेलाय, वहिनी."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग आत वळता वळता, "ठोका जोरात मारत जा, भाऊजी. ऐकला की बरं वाटतं."

हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता. काम सोडून उठावं असं धाकट्याला फार वाटलं. पण सगळं तसंच टाकून तिला काय सांगायचं? त्याने तिसऱ्या बोल्टसाठी ठोका मारला, जोरात. बोल्ट मुकाट्याने सुटला.

चौथ्याला मात्र पाना फिरतच राहिला. त्याने पुन्हा ठोका मारला. पुन्हा फिरला. उन्हं कलली होती, वेल्डर कधीही येऊन चेनकप्पी मागणार होता. तो तिसऱ्यांदा हातोडी उचलतो तोच खालून आवाज आला.

ठोके तीन होते. सावकाश, मोजून मारलेले.

यंत्र थांबलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"जागा बदल म्हणताहेत," ती म्हणाली.

"वहिनी, मला नाही जमत ते."

"इतकी वर्षं ते एकटेच खाली जात होते, भाऊजी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते त्याला लागलं. दादाने आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं आणि तेही चेष्टेत. धाकट्याने पोतं पसरलं, त्यावर पाठ टेकली आणि जीव मुठीत धरून आत सरकला.

आत गार होतं. छाती आवळली. बोल्ट चाचपडत असताना हरवलेला पाना नटावर आधीच बसवलेला त्याच्या हाताला लागला. पान्याची मूठ अजून गरम होती.

वर एक ठोका पडला.

त्याने नट धरला. वर बोल्टच्या डोक्यावर पाना बसला, फिरू लागला. नट त्याच्या तळहातावर आला. मग चेनकप्पी कटकटू लागली आणि ते धूड हळूहळू वर गेलं. मोकळ्या झालेल्या जागेतून त्याला आभाळाचा तुकडा दिसला. तिथे कुणीही वाकून बघत नव्हतं. तेलाचा एक थेंब त्याच्या गालावर पडला.

तो दोन ठोक्यांची वाट बघत पडून राहिला.

उजेड कमी होत गेला. वहिनीची पावलं चाकापाशी आली. एक कप तिने त्याच्या हाताशी सरकवला. दुसरा वर मडगार्डवर ठेवल्याचा आवाज आला.

"अहो," ती म्हणाली. हिवाळ्यापासून या घरात हा शब्द कुणी ऐकला नव्हता. "त्यांना सुटी द्या आता. केव्हाचे पडलेत."

वर काहीच आवाज झाला नाही. इंजिन साखळीला लटकत होतं. चारही बोल्ट निघाले होते, सोडवायचं काही उरलं नव्हतं.

मग चॅसीवर ठोका पडला. एकच.